पात्रवर्गांचे सुलभीकरण आणि भेदाचे मूल्य

भाषेतील कोणत्याही घटकाचे मूल्य तो इतर घटकांहून कोणत्या बाबतीत निराळा आहे यावर अवलंबून असते, हा सोस्यूरचा सिद्धान्त भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांस परिचित आहे. ‘पाट’ आणि ‘पाठ’ हे शब्द मराठीत भिन्न राहतात ते केवळ महाप्राणत्वाच्या बळावर. तो भेद काढून टाकल्यास उच्चाराचे श्रम वाचतील. परंतु दोन शब्दांचा एकच शब्द होईल. ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळांतील पात्रवर्ग अतिसुलभ झाले, ही जुन्या खेळाडूंची तक्रार या तत्त्वाच्या साहाय्याने अधिक नेमकेपणाने समजून घेता येते.

पात्रवर्ग म्हणजे खेळाडूने आरंभी पत्करलेला पेशा. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या बैठ्या खेळात योद्धा, जादूगार व धर्मोपासक असे तीनच वर्ग होते. एकाचे दुसऱ्यावाचून चालू नये, हे या विभागणीचे मर्म. पुढे ऑनलाइन खेळांनी ही कल्पना उचलली. १९९९ मधील ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये आरंभी १४, तर २००४ मधील ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये नऊ वर्ग होते.

या दुसऱ्या खेळाचा इतिहास प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. प्रारंभी शिकाऱ्याला बाण जवळ बाळगावे लागत आणि पाळीव श्वापदाला खाऊ घालावे लागे. शामन हा वर्ग एका पक्षाकडे, तर पॅलाडिन दुसऱ्या पक्षाकडेच असे. २००७ साली हा निर्बंध उठला. २००८ मध्ये ‘वर्गाला नव्हे, खेळाडूला सोबत घ्या’ या धोरणानुसार, पूर्वी एकेका वर्गाकडेच असलेली अनेक साहाय्यक सामर्थ्ये निरनिराळ्या वर्गांत वाटण्यात आली. २०१० मध्ये बाणांची गरज संपली. २०१२ मध्ये गुण एकेक करून वाटण्याचे कौशल्यवृक्ष जाऊन, दर १५ पातळ्यांनंतर तीनांतून एक पर्याय निवडण्याची पद्धत आली. २०१४ मध्ये अनेक कौशल्येच छाटली गेली.

हे सर्व बदल एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे. जुन्या वृक्षातील कित्येक गुण एखादे सामर्थ्य काही टक्क्यांनी वाढवीत, एवढेच. शिवाय बहुसंख्य खेळाडू एकच सिद्ध मांडणी नकलून घेत. तेथील निवड नाममात्र होती. जेथे भेदाने अर्थ बदलत नाही, तेथे त्याची छाटणी केल्याने व्यवस्थेची हानी होत नाही. २००८ च्या धोरणामागेही न्याय्य कारण होते: विशिष्ट वर्गाचा एक खेळाडू अनुपस्थित राहिल्याने संपूर्ण पथकाची मोहीम अडावी, हे कोणासही रुचणारे नव्हते.

तथापि, अडचण दूर करताना परस्परावलंबनही क्षीण झाले. जे कार्य चार वर्ग सारख्याच रीतीने करू शकतात, त्या कार्यापुरते ते चार वर्ग समानार्थी शब्द होत. त्यांच्यात उरतो तो वेषाचा आणि रंगाचा भेद. अनेक वर्षे एकच पात्र जोपासलेल्या खेळाडूची व्यथा नेमकी येथे आहे. कळा कमी झाल्या याचे त्याला फारसे दुःख नसते. पथकात आपल्या अभावी काही अडत नाही, हे त्याला जाणवते. बाणांचा भाता वाहणे ही कटकट खरी, परंतु तो शिकारी असल्याची खूणही तीच होती.

२०२२ मध्ये कौशल्यवृक्ष नव्या स्वरूपात परत आणण्यात आले. त्यामुळे वर्गांतर्गत वैविध्य वाढले. परंतु वर्गावर्गांतील विरोध ही निराळी गोष्ट आहे. एकाच शब्दाची रूपे वाढविल्याने दोन शब्दांतील लुप्त झालेला भेद परत येत नाही. सुलभीकरणाचे मूल्यमापन करताना किती घटक गळले एवढेच न मोजता, गळलेला घटक कशापासून कशाला वेगळे करीत होता, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.