माणसाला ओढणारा पतंग

ब्रिस्टल येथील शाळामास्तर जॉर्ज पोकॉक यांनीं १८२६ सालीं पतंगांनीं ओढल्या जाणाऱ्या गाडीचें पेटंट घेतलें. याच गृहस्थांनीं स्वतःच्या मुलीला खुर्चींत बसवून पतंगानें उंच चढविलें होतें. मास्तरांचें हें धाडस मला, मास्तर असूनहि, पटत नाहीं!

आजचा चार दोऱ्यांचा जोरदार पतंग कापडी असतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला कीं ओढ चौपट होते; म्हणून नवशिक्यानें मंद वाराच निवडावा, आणि मैदान विजेच्या तारा व माणसें नसलेलें. वाऱ्याकडे पाठ करून पतंग समोर उताणा पसरावा; आपल्याकडील कडेवर वाळू टाकावी, दोऱ्यांचा पीळ काढावा. उडतांच तो सरळ डोक्यावर न्यावा. थेट समोर ओढ सर्वांत प्रबळ. माथ्यावर व दोन्ही बाजूंना ती ओसरते. उतरवितांना म्हणूनच तो एका बाजूला खालीं आणून मागच्या दोऱ्या ओढाव्या.

जोर अनावर झाला तर मुठी सोडून द्याव्या. मनगटाचे पट्टे मागच्या दोऱ्यांना जोडलेले असले, म्हणजे पतंग निपचित पडतो. परंतु घाबरलेला माणूस नेमकी मूठ आवळतो. यास्तव पहिल्या दिवशीं हलक्या वाऱ्यांत मुठी सोडण्याचाच सराव चार-पांच वेळां करावा.