मिरजेची बिनतिकिटाची संगीतसभा

गाण्याची बैठक फुकट ऐकावयास मिळाली म्हणजे ऐकणाऱ्यास आनंद होतो. परंतु त्या बैठकीचा खर्च कोणीं सोसला, हा प्रश्न त्याच्या मनांत क्वचितच येतो. वस्तुतः बिनखर्चाची बैठक जगांत नाहीं. गायकाची वर्षानुवर्षांची मेहनत, साथीदारांचा प्रवास, वाद्यें, बिछायत, दिवे, या सर्वांचें मोल कोणी तरी देतच असतो. तें राजानें दिलें तर दरबार भरतो. श्रोत्यानें दिलें तर तिकीट निघतें. आणि दोघांनींही न देतां सभा भरली, तर तें मोल कोठून आलें याचा शोध घ्यावा लागतो. या तिन्ही प्रकारांशीं ज्याचा जवळचा संबंध आला, असें एक गांव सांगली जिल्ह्यांत आहे. तें गांव मिरज.

मिरज हें पटवर्धन संस्थानिकांचें गांव. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रांत रुजविणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर येथें विद्यादान करीत असतां कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्यापाशीं शिकावयास राहिले. शिष्याला दरबाराचा आश्रय होता. परंतु एका समारंभास त्यांना बोलावणें आलें आणि गुरूंना आलें नाहीं, ही गोष्ट त्यांच्या मनास फार लागली, असें सांगतात. १८९६ सालीं त्यांनीं मिरज सोडली. पुढें काठेवाडांत त्यांनीं तिकीट लावून जाहीर जलसे केले, आणि १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. त्या काळीं तिकीट हें लोभाचें लक्षण नव्हतें. थोडक्या पैशांत कोणीही सभ्य गृहस्थ गाणें ऐकूं शकेल आणि गायकाला कोणाच्या मर्जीवर जगावें लागणार नाहीं, असा त्याचा अर्थ होता. पलुसकरांचा अंत १९३१ सालीं मिरजेसच झाला.

पलुसकरांचा जन्म १८७२ चा. त्याच सालीं उत्तर हिंदुस्थानांतील किराना या गांवीं अब्दुल करीम खाँ यांचा जन्म झाला. बडोद्याच्या दरबाराचा आश्रय घेऊन पाहिल्यावर तेही फिरतीवर निघाले. मिरजेस ते मोठ्या आजारांत सांपडले असतां ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यांत येऊन राहिले व बरे झाले, अशी हकीकत गांवांत सांगतात. आजाराची कथा कशीही असो, त्या दर्ग्याशीं त्यांचा ऋणानुबंध जन्मभर टिकला, हें मात्र निर्विवाद. पुण्यांत त्यांनीं १९१३ सालीं आर्य संगीत विद्यालय काढलें. पण पुढें बिऱ्हाड केलें तें मिरजेस. १९३७ सालीं ऑक्टोबरच्या २७ तारखेस मद्रासेहून पाँडेचरीकडे जात असतां सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्टेशनावर त्यांनीं देह ठेवला. त्यांना मूठमाती मिरजेस, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत मिळाली. त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्याच्या उरुसांत संगीतसभा भरूं लागली, आणि ती आजतागायत चालू आहे.

या सभेला तिकीट नाहीं, दारावर कोणी अडवीत नाहीं. आवारांत एक चिंचेचें झाड आहे. त्याखालीं बसून खाँसाहेब गात असत. ज्या उरुसांत ही सभा भरते, त्याची रीतच सर्वांना सामावून घेणारी आहे. पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो, आणि यात्रेंत हिंदू व मुसलमान दोघेही दिसतात. उरूस हिजरी चांद्रवर्षाप्रमाणें येत असल्यामुळें तो दरवर्षीं सुमारें ११ दिवस अलीकडे सरकतो. त्यामुळें ही सभा कांहीं वर्षें उन्हाळ्यांत येते, तर कांहीं वर्षें थंडींत.

उघड्यावर गाणें ही सोपी गोष्ट नव्हे. दिवाणखान्यांत भिंतींवरून परतणारा स्वर गायकाला साह्य करतो. मोकळ्या जागीं ती सोय नाहीं. अंतर दुप्पट झालें कीं ध्वनीची तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते. रात्रीची वेळ मात्र अनुकूल असते. दिवसां तापलेल्या जमिनीलगतची हवा ऊन व वरची थंड असते, म्हणून ध्वनि वर वळून निघून जातो. शांत, निरभ्र रात्रीं याच्या उलट जमिनीलगतची हवा थंड असते, आणि ध्वनि खालीं वळून दूरवर पोंचतो. हल्लीं ध्वनिक्षेपक आले आहेत. तरी गायकाचा खरा आधार पाठीमागचा तंबोरा हाच होय.

आणि तंबोरा तर मिरजेचाच! येथील शिकलगार पूर्वीं शस्त्रें घडवीत व त्यांना धार लावीत. लढायांचे दिवस संपल्यावर त्यांच्या हाताला काम उरलें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार वाद्यांच्या कामाकडे वळले, आणि त्यांतून सतारमेकरांची परंपरा उभी राहिली. पंढरपूरकडच्या मळ्यांतला भोपळा वाळवून, कापून, त्यावर लांकडी दांडी बसवून ते वाद्य घडवितात. घोडीवर जवारी काढणें हें सर्वांत नाजूक काम, कारण तंबोऱ्याचा झणकार तीवरच अवलंबून असतो. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु विजेवर वाजणारी तंबोऱ्याची पेटी घरोघर गेल्यापासून या कारागिरांचें काम कमी झालें आहे, हेंही विसरतां येत नाहीं.

सातारा जिल्ह्यांतील औंधास याच जातीचा दुसरा उत्सव आहे. बाळकृष्णबुवांचेच शिष्य आणि औंध संस्थानचे दरबारी गायक अंतुबुवा जोशी यांनीं १९४० सालीं आपले गुरु शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ तो सुरू केला. तो आश्विन वद्य पंचमीस होतो व तोही सर्वांस मोफत असतो. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें, दरबार संपला. पण उत्सव टिकला. अंतुबुवांचे पुत्र गजाननबुवा यांनीं तो पुढें चालविला, आणि १९८१ सालीं त्यासाठीं प्रतिष्ठानही स्थापन झालें.

मग या दोन्ही सभांचें मोल कोण देतो? मुख्य वांटा कलावंताचा. मिरजेस दर्ग्यापुढें गाणें ही हजेरी समजली जाते; तेथें बिदागीची अपेक्षा धरावयाची नसते. जागा देवस्थानाची, व्यवस्था गांवकऱ्यांची, वाद्यें कारागिरांचीं. ज्याच्यापाशीं जें आहे तें तो देतो, म्हणून श्रोत्याला कांहीं द्यावें लागत नाहीं.

येथें एक आक्षेप निघतो, आणि तो खरा आहे. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाहीं, आणि कलावंतालाही पोट आहे. पलुसकरांनीं तिकीट लावलें तें याचसाठीं. वर्षाची प्रत्येक बैठक मोफत झाली, तर ती कलावंताची सेवा न राहतां त्याच्यावरचा जुलूम होईल. मिरजेची रीत टिकली आहे ती वर्षांतून एकदांच येते म्हणून. इतर दिवशीं ज्याला योग्य बिदागी मिळते, त्यालाच एका रात्रीं ती न घेण्याचें समाधान लाभूं शकतें.

तेव्हां मोफत सभेला जाणाऱ्या श्रोत्याच्या अंगावरही कांहीं ऋण उरतेंच. वर्षांतून दोनचार वेळां तरी तिकीट काढून गाणें ऐकावें, मुलीला गाणें शिकवावयाचें तर पेटीऐवजीं मिरजेचा तंबोरा घरीं आणावा, आणि सभेला गेल्यावर शेवटची भैरवी होईपर्यंत उठूं नये, इतकें केलें तरी तें पुष्कळ फिटेल. चिंचेखालच्या त्या सभेला पुढच्या पिढीलाही बिनतिकिटानें बसावयास मिळावें, असें ज्यांना वाटतें, त्यांनीं एवढा खर्च आनंदानें सोसावा.