शेवट ठाऊक, तरी उत्कंठा कायम

जुळे सोलापूर, प्रतिनिधी - ज्या गोष्टीचा शेवट आधीच ठाऊक आहे, ती वाचक शेवटपर्यंत का वाचतो? रहस्यमय ऐतिहासिक कादंबरीच्या लोकप्रियतेचे मर्म याच प्रश्नात आहे. त्याचे उत्तर देणारी एक जुनी कादंबरी सोलापूरच्या शेजारच्या मुलखातच घडते.

फिलिप मेडोज टेलर (१८०८-१८७६) हा निजामाच्या चाकरीतील इंग्रज अधिकारी होता. १८५३ मध्ये नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे आल्यावर त्याचा कारभार टेलरकडे सोपविण्यात आला. येथील अनुभवांच्या शिदोरीवर त्याने १८६३ मध्ये 'तारा' ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध केली. तुळजापूरच्या एका शास्त्रीबुवांची बालविधवा कन्या तिची नायिका असून १६५७ पासून अफझलखानाच्या स्वारीपर्यंतचा काळ तीत आला आहे.

१६५९ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी काय घडले, हे मराठी वाचकाला शाळेपासून पाठ असते. ताराचे पुढे काय होणार, हे मात्र त्याला ठाऊक नसते. इतिहास राजे आणि सरदारांची नोंद ठेवतो. त्यांच्या सावलीत वावरणाऱ्यांची सहसा ठेवत नाही. त्या कोऱ्या जागेतच कादंबरीकार गुप्त पत्रे, फितुरी आणि दरोडेखोरांचे कथानक गुंफतो.

या रहस्याला विश्वासार्हता देते ते स्थळ. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नदी भरली की दालनाच्या खिडक्यांसमोरून पाणी कोसळते. जुळे सोलापूरच्या नव्या वसाहतीतून निघालेला माणूस तासाभरात तेथे पोहोचतो. असे दालन एकदा पाहिले की, येथे काहीतरी गुप्त शिजले असावे, हे मनाला सहज पटते.

मात्र पटणे म्हणजे पुरावा नव्हे. तारा हे कल्पित पात्र आहे आणि तिच्याकडे पाहणारी दृष्टी एका इंग्रज अंमलदाराची आहे, याचे भान वाचकाने ठेवायला हवे. तरीही बालविधवांचे दुःख कल्पित नव्हते. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला, तेव्हा टेलर याच भागात कारभार पाहत होता. चांगली ऐतिहासिक कादंबरी रहस्याच्या ओढीने वाचकाला आत नेते आणि दप्तरात ज्याची नोंद झाली नाही, अशा माणसाच्या दुःखापाशी आणून सोडते.