घरच्यांसोबत ऑनलाइन वंशावळ कशी सुरू करायची?

तुमच्या पणजीचं माहेरचं आडनाव काय होतं, हे आत्ताच्या आत्ता सांगता येईल का? बहुतेकांना येत नाही. पणजोबांचं नाव निदान जुन्या सातबाऱ्यावर किंवा शाळेच्या दाखल्यावर सापडतं. पण पणजी, तिच्या बहिणी, लग्न होऊन लांबच्या तालुक्यात गेलेल्या आत्या, यांची नावं फक्त घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात असतात. आमच्याकडे ते सांगू शकणारी एकच व्यक्ती उरली आहे, माझी आजी, आणि तिचं वय आता ८५च्या पुढे आहे. म्हणून मी, चुलत बहीण आणि आत्याचा मुलगा अशा तिघांनी मोबाइलवर वंशावळ बनवायला घेतली. त्यात जे कामाचं वाटलं ते इथे सांगतो.

आधी आजी, मग अ‍ॅप

साइटवर अकाउंट काढायची घाई करू नका. फोनमधला व्हॉइस रेकॉर्डर चालू करा आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाजवळ बसा. "तुझा जन्म कधीचा?" असं विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही, किंवा १ जून मिळतं. (पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट १ जून लिहायचे, त्यामुळे महाराष्ट्रात अर्ध्या आजोबांचा वाढदिवस त्याच दिवशी येतो.) त्याऐवजी घटना धरून विचारा. पानशेत फुटलं तेव्हा, म्हणजे १२ जुलै १९६१ ला, तू शाळेत होतीस का? कोयनेचा भूकंप झाला, डिसेंबर १९६७ मध्ये, तेव्हा थोरले काका रांगत होते की चालत होते? बहात्तरच्या दुष्काळात लग्न झालं होतं का? अशा प्रश्नांतून वर्ष एक-दोन इकडेतिकडे पक्कं होतं. तारीख अंदाजाची असेल तर तसंच लिहा. बहुतेक साइट्स वर्षाआधी ‘अबाउट’ लिहू देतात. खोटी पक्की तारीख टाकण्यापेक्षा ते कधीही बरं.

जुनी पत्रिका सापडली आणि तिच्यावर शके लिहिलेलं असेल तर त्यात ७८ मिळवा. शके १८६० म्हणजे १९३८. वर्षाच्या शेवटचे महिने, म्हणजे माघ-फाल्गुन असतील तर ७९.

कागदांचं म्हणाल तर घरबसल्या बरंच मिळतं. महाराष्ट्र शासनाच्या ‘आपले अभिलेख’ साइटवर जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून ठेवले आहेत. त्यातला वारस नोंदीचा फेरफार शोधा. एक माणूस वारला की त्याची मुलं, मुली, विधवा बायको अशी सगळी नावं एकाच कागदावर येतात, म्हणजे झाडाची एक अख्खी फांदी हातात. त्यामागचं हवं असेल तर तहसीलमधलं कोतवाल बुक आहे, पण जुनी पानं मोडीत असतात, वाचणारा शोधावा लागतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या असतात. आपल्या घराण्यातलं कोण कधी येऊन गेलं ते त्यांत सापडू शकतं.

साइट कोणती?

इथे एकच प्रश्न महत्त्वाचा आहे: झाड सगळ्या जगाचं एकच हवं, की आपलं वेगळं?

फॅमिलीसर्च, विकिट्री आणि जेनी या साइट्स पहिल्या प्रकारातल्या. तिथे एका माणसाचं एकच पान असावं अशी अपेक्षा असते. तुमचे पणजोबा हे दुसऱ्या कुणाचे तरी चुलत पणजोबा असतील, तर दोघांनी त्याच पानावर काम करायचं. फायदा असा की ओळख नसलेला नातेवाईक अचानक सापडतो. तोटा असा की तुमच्या पणजोबांच्या पानात तोही बदल करू शकतो. फॅमिलीसर्च पूर्ण मोफत आहे, अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चची संस्था ती चालवते, आणि हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे स्कॅनही तिथे आहेत. विकिट्रीही मोफत आहे.

मायहेरिटेज दुसऱ्या प्रकारातली. झाड तुमचं, आमंत्रण ज्याला द्याल तोच त्यात काम करणार. मोफत अकाउंटमध्ये २५० माणसांची मर्यादा आहे. २५० म्हणजे खूप वाटतं, पण चार पिढ्यांच्या चुलत-मावस-आते भावंडांत ते संपतं. डीएनए किट घ्या म्हणून ईमेलही येत राहतील, तिकडे दुर्लक्ष करा.

आम्ही काय केलं? सुरुवात साध्या गूगल शीटवर केली. प्रत्येक माणसाला एक नंबर, आणि पुढच्या रकान्यांत वडिलांचा नंबर, आईचा नंबर, जोडीदाराचा नंबर, माहिती कुणी सांगितली. एकाच नावाचे तीन जण निघाले तरी (आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत, दुसरं काय होणार!) नंबरमुळे गोंधळ होत नाही. कुणी काय बदललं ते व्हर्जन हिस्टरीत दिसतं. माझं मत विचाराल तर पहिली शंभर नावं शीटवरच होऊ द्या.

नावांचा घोळ

या साइट्स परदेशी पद्धतीने बनल्या आहेत. तिथे बाईची नोंद जन्मनावाने करायची रीत आहे, आणि ती आपल्याला फारच सोयीची. लग्नात आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, काही घरांत तर तांदळात अंगठीने नवं पहिलं नावसुद्धा लिहिलं जातं. म्हणून मुख्य जागी माहेरचं नाव आणि आडनाव, सासरचं नाव ‘इतर नावे’ या रकान्यात. इंग्रजी स्पेलिंग एकच ठरवा आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पिन करा, नाहीतर एकाच काकूची तीन पानं तयार होतात.

किती जणांना एडिटची परवानगी द्यायची?

कमी. आम्ही तिघंच बदल करतो, बाकीचे फोटो आणि व्हॉइस नोट पाठवतात. दोन काकांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर दोन्ही लिहून ठेवतो, कोण बरोबर ते कागद सापडल्यावर ठरतं. दत्तक मुलांसाठी बऱ्याच साइट्सवर नात्याचा वेगळा प्रकार निवडता येतो, पण ही गोष्ट त्या घराला आधी विचारल्याशिवाय टाकू नका. दुसरं लग्न, लहानपणी गेलेलं मूल, यांचंही तेच. माझ्या आजीने एका बहिणीचं नाव सांगितलं आणि लगेच "हे लिहू नकोस" म्हणाली. नाही लिहिलं.

२०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे गावोगाव वंशावळी निघू लागल्या आहेत. त्यामुळे घरात कुणीतरी विचारेलच, म्हणून सांगून ठेवतो: ऑनलाइन झाड हा सरकारी पुरावा नाही. दाखल्यासाठी मूळ कागद आणि प्रतिज्ञापत्रच लागतं.

जिवंत माणसांची काळजी

फॅमिलीसर्चच्या मुख्य झाडात जिवंत माणसाची नोंद ज्याने केली त्यालाच दिसते, विकिट्रीवरही अशी पानं खासगी ठेवावी लागतात. तरी भरवसा टाकून बसू नका. २०१८ मध्ये मायहेरिटेजचे ९ कोटी २० लाखांहून जास्त ईमेल आणि सांकेतिक रूपातले पासवर्ड बाहेर गेल्याचं उघड झालं होतं. जन्मतारीख आणि आईचं माहेरचं आडनाव ही माहिती ओळख पटवण्यासाठीही विचारली जाते, आणि फोनवर फसवणारे नेमकं हेच गोळा करत असतात. जिवंत माणसांचं फक्त नाव आणि नातं टाका, फार तर वर्ष. लहान मुलांचे फोटो नकोच. अकाउंटला टू-स्टेप व्हेरिफिकेशन असेल तर चालू करा.

शेवटची कामाची गोष्ट म्हणजे जेडकॉम फाइल. हे वंशावळीचं सगळीकडे चालणारं फॉरमॅट आहे, १९८४ पासूनचं, आत साधा मजकूर असतो. मायहेरिटेज, विकिट्री, जेनीवरून ती डाउनलोड करता येते आणि ग्रॅम्प्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कॉम्प्युटरवर उघडता येते. फॅमिलीसर्चवर ती थेट मिळत नाही, म्हणून तिथे काम करत असाल तर शीट बंद करू नका. फोटो आणि रेकॉर्डिंग या फाइलसोबत येतीलच असं नाही, ते ड्राइव्हवर वेगळे ठेवा. आजीच्या आवाजाच्या फाइलची एक कॉपी आम्ही तिघांनी आपापल्या फोनमध्येही ठेवली आहे.