वेळेवर येणारी जाग

रात्री अंथरुणावर पडावे आणि उजाडल्यावर उठावे, हा घरचा नित्यक्रम असतो. रात्रीच्या आगगाडीत मात्र तो पाळता येत नाही. मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेसने कोल्हापूरला जाणारा प्रवासी निश्चिंत निजतो, कारण कोल्हापूर हे त्या गाडीचे शेवटचे स्थानक आहे. त्याच डब्यातील सांगलीच्या प्रवाशाला ही मोकळीक नाही. त्याच्या स्थानकावर गाडी थोडाच वेळ थांबते, आणि झोपलेल्या माणसासाठी ती खोळंबत नाही.

मग वेळेवर जाग येते कशी? त्यासाठी प्रथम झोपेचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. झोप रात्रभर एकसारखी नसते. सुमारे दीड तासाचे एक, अशी तिची आवर्तने होतात. रात्रीच्या पूर्वार्धात गाढ झोप अधिक असते. पहाटेची झोप हलकी आणि स्वप्नांनी भरलेली असते. म्हणून दहाला निजून मध्यरात्री उतरणाऱ्या प्रवाशाची कसोटी अधिक कठीण असते. शिवाय गाढ झोपेतून उठल्यावर काही मिनिटे बुद्धी मंदावलेली असते. अशा वेळी चपला सापडत नाहीत, पिशवी विसरते, पाऊल चुकते.

झोपेतही आपले कान पूर्णपणे मिटत नाहीत. इंग्लंडमधील ऑस्वाल्ड, टेलर आणि ट्रीझमन या संशोधकांचा एक प्रयोग 1960 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी झोपलेल्या माणसांना ध्वनिफितीवरून अनेक नावे ऐकवली. इतर नावांपेक्षा स्वतःच्या नावाला त्या माणसांनी अधिक वेळा प्रतिसाद दिला. चाकांच्या अखंड खडखडाटात निजलेला माणूस आईच्या एका हाकेने उठतो, यातील मर्म हेच होय.

याहून नवलाची गोष्ट जर्मनीतील यान बोर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली दाखवून दिली. 'तुम्हांला सहा वाजता उठवू,' असे ज्यांना निजण्यापूर्वी सांगितले होते, त्यांच्या रक्तातील एक विशिष्ट संप्रेरक सहाच्या सुमारे एक तास आधीपासूनच वाढू लागले. हे संप्रेरक शरीराला जागृतीसाठी सज्ज करते. ज्यांना नऊची वेळ सांगून अचानक सहालाच उठवले, त्यांच्यात अशी आगाऊ तयारी आढळली नाही. म्हणजे उठण्याचा निश्चय करून निजलेल्या माणसाचे शरीर त्या वेळेची वाट पाहत असते!

परंतु या आतल्या घड्याळावर सर्वस्वी विसंबून चालत नाही. ते ठरलेली वेळ जाणते; गाडी उशिरा धावत आहे, हे त्याला कसे कळावे? उशाशी ठेवलेल्या गजराच्या घड्याळाचेही तसेच आहे. म्हणून शहाणा प्रवासी आपल्या स्थानकाच्या आधीची दोन-तीन स्थानके माहीत करून घेतो. कोकण रेल्वेने रत्नागिरीस जाणाऱ्याने संगमेश्वर लक्षात ठेवावे. पुढे उक्षी आणि भोके यांच्या दरम्यान करबुड्याचा सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा बोगदा लागतो. गाडीचा आवाज बराच वेळ घुमत राहिला, की रत्नागिरी जवळ आली असे समजावे. मोबाइलवर गाडीचे ठिकाण पाहता येते हे खरे. पण बोगद्यात उपग्रहांचे संदेश पोहोचत नाहीत, हे विसरू नये.

रेल्वेनेही प्रवाशांची सोय केली आहे. 139 या क्रमांकावर तिकिटाची माहिती देऊन ठेवली, तर रात्रीच्या वेळी स्थानक येण्यापूर्वी सूचना मिळू शकते. याखेरीज गजर अर्धा तास आधीचा लावावा, सामान निजण्यापूर्वीच बांधून ठेवावे आणि सोबतच्या वडील माणसांना नावाने हाक मारण्यास सांगावे. एक उपाय फसला तर दुसरा उपयोगी पडतो.

इतके करूनही कधी डोळा लागतो आणि जाग येते तेव्हा आपले स्थानक मागे सरकू लागलेले असते. हाच खरा धोक्याचा क्षण होय. अशा वेळी धावत्या गाडीतून उडी मारणे म्हणजे जिवाशी खेळणे आहे. योग्य कारणावाचून साखळी ओढणे हा तर 1989 च्या रेल्वे कायद्यानुसार गुन्हा आहे. म्हणून जागेवर शांत बसावे, तिकीट तपासनिसाला सांगावे, पुढच्या थांब्यावर उतरून स्थानकप्रमुखांना भेटावे आणि घरी निरोप धाडावा. चुकलेल्या स्थानकावर दुसऱ्या गाडीने परत येता येते. गेलेला प्राण मात्र कोणत्याही गाडीने परत येत नाही.