मुलं कॉलेजात बोलली, तर? कायद्याची रेषा कुठे आहे आणि पोलिसांची लाठी कुठे थांबली पाहिजे

बारावीचा निकाल लागला की परतवाडा-अचलपूरच्या घराघरांतून मुलं-मुली बाहेर पडतात. कोणी अमरावती, कोणी नागपूर, तर कोणी पुणे गाठतं. बॅग भरताना अम्मी-अब्बांची एक नसीहत ठरलेली असते: "अभ्यास कर, मोर्च्यात जाऊ नको, मोबाईलवर काही टाकू नको." ही भीती उगाच आलेली नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. एप्रिल २०२२ मध्ये दुल्हा गेटवरच्या झेंड्यावरून दगडफेक झाली आणि अचलपूर-परतवाड्याचे रस्ते ओस पडले. अशा दिवसांत एका पोस्टने काय होऊ शकतं, हे आपल्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही.

तरीही आम्हाला वाटतं, "बोलूच नको" एवढी एकच नसीहत पुरेशी नाही. मुलं वीस वर्षांची आहेत, ती बोलणारच. मग कुठवर बोलता येतं, कॉलेज काय करू शकतं, पोलीस काय करू शकतात आणि पोलिसांनी काय करू नये, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असलेलं बरं. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातच घडलेली प्रकरणं पाहिली की ही रेषा बरीच स्पष्ट होते.

संविधानात काय आहे

कलम १९(१)(अ) मध्ये बोलण्याचं स्वातंत्र्य आहे आणि १९(१)(ब) मध्ये शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचं. या दोन्हींवर वाजवी बंधनं घालता येतात, पण मनाला येईल त्या कारणाने नाही. बोलण्यावर बंधन घालायची कारणं १९(२) मध्ये मोजून दिली आहेत: देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता, सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता आणि नीतिमत्ता, कोर्टाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. 'कोणाला तरी वाईट वाटलं' हे कारण या यादीत नाही.

प्रत्यक्षात मुलांवर जी कलमं लागतात ती भारतीय न्याय संहितेतली. कलम १९६ म्हणजे दोन समाजांत वैर पसरवणं, जुनं १५३-अ. कलम २९९ म्हणजे धार्मिक भावना दुष्ट हेतूने दुखावणं, जुनं २९५-अ. तिसरं कलम १५२, देशाच्या अखंडतेला धोका. यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, म्हणून ते सगळ्यात जड. पहिल्या दोन्हींत हेतू महत्त्वाचा. २००७ मध्ये 'मंझर सईद खान विरुद्ध महाराष्ट्र शासन' या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की १५३-अ साठी वैर पसरवण्याचा इरादा दिसला पाहिजे, आणि लिखाण पूर्ण वाचून ठरवलं पाहिजे. मधलंच एखादं टोचणारं वाक्य उचलून गुन्हा होत नाही.

कोल्हापूरचे प्राध्यापक आणि नागपूरची कसोटी

ऑगस्ट २०२२. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवणारे काश्मिरी प्राध्यापक जावेद अहमद हजाम यांनी व्हॉट्सॲप स्टेटस ठेवलं. ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस, ३७० हटवलं याने आम्ही खूश नाही, आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. हातकणंगले पोलिसांनी १५३-अ खाली गुन्हा दाखल केला. मुंबई हायकोर्टाने तो रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ ला सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला.

न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने तीन गोष्टी स्पष्ट केल्या. सरकारच्या निर्णयावर टीका करणं, त्या दिवसाला काळा दिवस म्हणणं हा नागरिकाचा हक्क आहे. दुसऱ्या देशाला त्याच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देण्यात वैर नाही. आणि तिसरी गोष्ट आपल्या घरांसाठी फार मोलाची: माणूस एका विशिष्ट धर्माचा आहे म्हणून त्याच्या बोलण्याला वाईट हेतू चिकटवता येत नाही. पोलिसांना अभिव्यक्ती स्वातंत्र्य म्हणजे काय हे शिकवण्याची वेळ आली आहे, असंही कोर्टाने म्हटलं.

यात कोर्टाने जी कसोटी लावली ती आपल्याच भागातून गेलेली आहे. नागपूर हायकोर्टाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी तेव्हाच्या मध्य प्रांत आणि वऱ्हाड सरकारविरुद्धच्या एका खटल्यात लिहून ठेवलं होतं की शब्दांचा परिणाम मोजताना समजूतदार, खंबीर माणूस डोळ्यांसमोर ठेवावा; प्रत्येक बोलण्यात धोका हुंगणारा कमकुवत मनाचा माणूस नव्हे. हा निकाल १९४७ च्या निकालसंग्रहात छापला गेला. १९८८ मध्ये दूरदर्शनच्या 'तमस' मालिकेच्या वेळी सुप्रीम कोर्टाने त्याचाच आधार घेतला आणि २०२४ मध्ये पुन्हा तोच.

२८ मार्च २०२५ ला महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा गुजरातमधला गुन्हा रद्द करतानाही हेच झालं. तिथे एक कविता कारण ठरली होती. या निकालात कामाची आणखी एक गोष्ट आहे. बोलण्या-लिहिण्यावरून तक्रार आली आणि त्या कलमाची शिक्षा तीन ते सात वर्षांच्या आतली असेल, तर पोलिसांनी थेट गुन्हा नोंदवण्याऐवजी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे वरिष्ठांच्या परवानगीने आधी प्राथमिक चौकशी करणं योग्य. तिला १४ दिवसांची मुदत आहे.

कोर्टात न्याय मिळतो, पण मधले दिवस?

इथे खरी अडचण आहे. प्राध्यापकांना दीड वर्षाहून जास्त काळ लढावं लागलं. मे २०२५ मध्ये पुण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या १९ वर्षांच्या मुस्लिम विद्यार्थिनीने ऑपरेशन सिंदूरवर टीका करणारी दुसऱ्याची पोस्ट इन्स्टाग्रामवर शेअर केली. दोन तासांत काढून टाकली, माफी मागितली. तरी ९ मे ला अटक झाली आणि कॉलेजनेही काढून टाकलं, तिचं म्हणणं न ऐकता. २७ मे ला मुंबई हायकोर्टाने सरकारला आणि कॉलेजला कडक शब्दांत सुनावलं, तिला सोडायला सांगितलं आणि कॉलेजच्या आदेशाला स्थगिती दिली. पण तोपर्यंत १८ दिवस गेले होते, परीक्षा सुरू झाली होती.

हा प्रकार फक्त आपल्याच मुलांशी होतो असंही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात रामलीलेतल्या कलाकारांवरचं नाटक सुरू असताना अभाविपच्या कार्यकर्त्यांनी ते बंद पाडलं. अटक झाली ती विभागप्रमुखांना आणि पाच विद्यार्थ्यांना. त्यांना लवकर जामीन मिळाला, पण नाटक थांबलं ते थांबलंच.

म्हणून आम्ही म्हणतो, कायदा बोलणाऱ्याच्या बाजूने आहे, फक्त तो उशिरा पोहोचतो. त्या उशिराची तयारी घरानेच ठेवावी लागते.

कॉलेजचा नियम वेगळा

पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही म्हणजे कॉलेज काही करू शकत नाही, असं नाही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने, म्हणजे 'टिस'ने, एप्रिल २०२४ मध्ये एका पीएच.डी. विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी निलंबित केलं. एक कारण असं की तो दिल्लीच्या राजकीय मोर्च्यात संस्थेचं नाव असलेल्या बॅनरखाली गेला होता. मार्च २०२५ मध्ये हायकोर्टाने संस्थेची बाजू धरली. विद्यार्थ्याला हवं ते राजकीय मत ठेवता येतं, पण संस्थेचं नाव त्याला जोडता येत नाही, असा त्याचा सूर होता. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने निलंबन तोवर भोगलेल्या काळापुरतं कमी केलं, म्हणून त्याची पीएच.डी. वाचली.

यातून मुलांनी एवढं घ्यावं: मत स्वतःच्या नावाने मांडा, कॉलेजच्या नावाने नाही. प्रवेशाच्या वेळी सही केलेलं शिस्तीचं पत्रक वाचा. कार्यक्रम कॅम्पसमध्ये असेल तर लेखी परवानगी मागा आणि त्या अर्जाची पोच ठेवा. कॉलेजने नोटीस दिली तर लेखी उत्तर द्या. म्हणणं न ऐकता काढून टाकणं कोर्टात टिकवणं कॉलेजलाही अवघड जातं.

पोलीस कॅम्पसमध्ये येऊ शकतात का? लाठी कधी चालते?

कुलगुरूंच्या परवानगीशिवाय पोलीस आत येऊच शकत नाहीत, असं पुष्कळांना वाटतं. असा कायदा नाही, तो एक पाळला जाणारा संकेत आहे. आत आल्यावर ते काय करतात, यावर मात्र कायदा आहे.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ प्रमाणे बेकायदा जमावाला, किंवा शांतता बिघडवू शकेल अशा पाच किंवा जास्त लोकांच्या जमावाला, आधी पांगण्याचा आदेश द्यावा लागतो. तो आदेश कार्यकारी दंडाधिकारी, ठाणेदार किंवा त्यांच्या गैरहजेरीत किमान पीएसआय देऊ शकतो. लोक पांगले नाहीत, तरच बळाचा वापर. तोही पांगवण्यापुरता, शिक्षा म्हणून नाही. पळणाऱ्याच्या मागे धावून मारणं, खोलीत बसलेल्याला मारणं यात बसत नाही. २०११ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानात मध्यरात्री झोपलेल्या लोकांवर कारवाई झाली, तेव्हा २०१२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने पोलिसांना दोष दिला. त्याच निकालात आयोजकांवरही काही जबाबदारी टाकली, हेही लक्षात ठेवायला हवं.

१५ डिसेंबर २०१९ आपल्या कोणाच्या विसरण्यातला नाही. दिल्लीच्या जामियात पोलीस वाचनालयात शिरले, एका विद्यार्थ्याचा डोळा गेला. बाहेरच्या दंगलखोरांचा पाठलाग करत आत गेलो, असं पोलिसांचं म्हणणं. दोन महिन्यांनी सीसीटीव्हीचं चित्रण बाहेर आलं, तेव्हा वाचनालयात काय झालं ते देशाने पाहिलं. त्याच रात्री अलीगढमध्येही कारवाई झाली. तिथलं प्रकरण अलाहाबाद हायकोर्टात गेलं, कोर्टाने राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडून चौकशी करवून घेतली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सहा जखमी विद्यार्थ्यांना भरपाई देण्याच्या शिफारशीवर अंमल करायला सांगितलं. दोन्हीकडे पुराव्यानेच गोष्ट पुढे गेली.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट तपासावी लागते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) आणि (३) खाली जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त पंधरा-पंधरा दिवसांचे मनाई आदेश काढतात. बातमीत ती एक ओळ असते, कोणी वाचत नाही. आदेश लागू असताना जमलात तर तुमचा विषय कितीही रास्त असो, गुन्हा होतो. कार्यक्रमाआधी आयोजकाने हे ठाण्यात विचारून घ्यावं.

ठाण्यातून फोन आला तर

घाबरून मोबाईल फॉरमॅट करू नका, पुरावा नष्ट केल्याचा दुसरा गुन्हा लागेल. पोस्ट चुकीची वाटली तर काढा, पण तिचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करता येत नाही. आधी कलम ३५(३) ची नोटीस देऊन बोलावता येतं. ही नोटीस व्हॉट्सॲपवर देऊ नये, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे. तरी व्हॉट्सॲपवर आली तर दुर्लक्ष करू नका. वकिलाला दाखवा आणि लेखी उत्तर द्या. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारण लिहावं लागतं.

अटक झालीच तर कारणं लेखी आणि समजेल त्या भाषेत मिळाली पाहिजेत. ६ नोव्हेंबर २०२५ च्या 'मिहिर शाह विरुद्ध महाराष्ट्र शासन' या निकालाने हे सगळ्या गुन्ह्यांसाठी पक्कं केलं. घरच्यांना कळवणं, वकिलाला भेटू देणं, वैद्यकीय तपासणी आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे, मेहेरबानी नाही. मुलीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही. अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी लागते.

मार लागला असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, एमएलसी नोंदवा आणि जखमेचे फोटो तारखेसह ठेवा. दंडाधिकाऱ्यांसमोर उभं केल्यावर मुलाने तोंडाने सांगावं, "मला मारलं." तिथे गप्प राहिलं तर पुढे फार जड जातं. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर आपल्याकडे अमरावती ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, नंतर कोर्ट आहे. राज्य मानवी हक्क आयोगाकडे एका वर्षाच्या आत जाता येतं.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. कोठडीत असलेल्या प्रत्येकाला आणि प्रत्येक महिलेला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यासाठीचा नंबर आहे. तो मुलांच्या आणि आई-वडिलांच्याही मोबाईलमध्ये असू द्या.

हीच कसोटी आपल्यालाही

शेवटी एक गोष्ट, थोडी कडू. आपल्या भावना दुखावल्या की आपणही कधी कधी ठाण्यासमोर जमतो आणि "गुन्हा दाखल करा" म्हणतो. हिंसेची हाक, बहिष्काराची हाक, एखाद्या समाजाविरुद्ध उघड द्वेष असेल तर तक्रार केलीच पाहिजे. तक्रारीची वाट न पाहता आणि बोलणाऱ्याचा धर्म न पाहता पोलिसांनी गुन्हा नोंदवावा, असं सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं आहे. पण नुसतं टोचलं, चिडवलं, आपल्याला पटलं नाही, तर त्याला उत्तर शब्दांनीच द्यायचं. कोल्हापूरच्या प्राध्यापकांना ज्या कसोटीने वाचवलं, ती आपल्या विरोधकालाही लागू आहे. तिथे आपण ती नाकारली, तर उद्या आपल्या मुलासाठी कोणत्या तोंडाने मागणार?

तेव्हा मुलांना गप्प बसायला शिकवण्यापेक्षा हे शिकवा: सरकारवर, धोरणावर, निर्णयावर बोला, एखाद्या समाजावर नाही. स्वतःच्या नावाने बोला. दगड उचलणाऱ्याच्या शेजारी उभे राहू नका. पांगायचा आदेश आला तर पांगा, आणि मग तो चुकीचा होता असं वाटलं तर कागदावर लढा. आणि काहीही झालं तरी पहिला फोन घरी करा.