‘रे’ म्हणण्याइतकी जवळीक

निपाणी सोडून बेळगावच्या वाटेला लागलं की तवंदीचा घाट येतो. या तवंदीच्या दीक्षितांची लेक म्हणजे इंदिरा संत. जन्म १९१४चा, विजापुराकडच्या इंडीतला. पण घर आणि नोकरी बेळगावात. तिथल्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी शिक्षक घडवले. मोठ्यांना त्या ‘शेला’, ‘मेंदी’, ‘गर्भरेशीम’च्या कवयित्री म्हणून ठाऊक. शाळकरी मुलांना मात्र त्या पहिल्यांदा भेटल्या ‘गवतफुला’तून.

या कवितेत एक मुलगा मित्राबरोबर माळावर पतंग उडवत फिरतो आहे. गवतात एक चिमुकलं फूल डुलताना दिसतं आणि आभाळातला पतंग, शेजारचा मित्र, दोघंही त्याच्या मनातून पुसले जातात. निळी पाकळी, तिच्या तळाशी लाल, मधे पिवळे पराग. एवढं बारीक दिसायला मातीत गुडघे टेकावे लागतात.

पण इंदिराबाईंची खरी खूण पुढे आहे. पहाटे आभाळ फुलाहून लहान होऊन येतं आणि त्याला दव भरवतं. वारा इवला होऊन झोका देतो, रात्र इवली होऊन अंगाई गाते. जे अफाट आहे ते लहानग्यासाठी आपला आकार सोडतं. घास भरवताना आई तेच करते. मग मुलालाही फुलाहून लहान व्हावंसं वाटतं. शाळा, घर विसरून त्याची भाषा शिकावीशी वाटते.

आता मोठ्यांसाठीची कविता पाहावी. १९४० मध्ये पती ना. मा. संत यांच्यासोबत ‘सहवास’ हा कवितासंग्रह निघाला. १९४६ मध्ये ते गेले. इंदिराबाई तेव्हा बत्तीस वर्षांच्या, पदरी लहान मुलं. त्यांच्या एका प्रसिद्ध कवितेतली बाई पावसाची विनवणी करते: गळक्या घराची, दारच्या वेलीची दया कर, आणि वाटेला लागलेल्या सख्याला परत फिरव.

फुलाला हाक ‘रे’ची, पावसालाही ‘रे’ची. सलगी तीच. फरक इतकाच, की पाऊस लहान होत नाही. बाईनंच मान खाली घालायची, विनवायचं, वाट पाहायची. ‘गवतफुला’त कुणाला विनवावं लागत नाही, आभाळ आपणहून उतरतं. मुलांसाठी लिहिताना इंदिराबाईंनी आपली हुरहुर बाजूला ठेवली, असं म्हणवत नाही. जवळ जाण्याची तीच आस इथे आहे, फक्त तिला इथे ओ मिळते.

ही हाक आली कुठून? जात्यावरच्या बायका पाखराला, वाऱ्याला, जात्यालासुद्धा घरच्या माणसासारखं बोलावून ओव्यांतून मनातलं सांगत. त्याच ओव्या इंदिराबाईंनी पुढे गोळा केल्या, निवडल्या आणि ‘मालनगाथा’ म्हणून वाचकांपुढे ठेवल्या. ओवी रचणाऱ्या त्या निनावी बाईला त्यांनी नाव दिलं, मालन.